बेपत्ता झाला की बेपत्ता केला?

तळजाई_चढ (धागाकर्ता), बुधवार रात्री ९:५०

परवा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे दूध आटलं, भेळ झाली, अंताक्षरी सुरू झाली आणि दहा मिनिटांत भांडणावर आली. खाली गेटपाशी आमचा रात्रीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरचा आचारी असे दोघंच बसले होते. दोघंही नेपाळी. त्यांचं दशैं, म्हणजे दसरा, कोजागिरीला संपतं, तोवर मोठ्यांच्या हातून टीका, म्हणजे कपाळाला टिळा, लावून घेता येतो. रजा दोघांनाही मिळाली नव्हती. वॉचमन वयाने मोठा म्हणून त्याने आचाऱ्याला टीका लावला होता. वॉचमन तराईतल्या बर्दिया जिल्ह्याचा, तिथल्या थारू या आदिवासी समाजातला, त्यांच्यात टीका तांदळाच्या पिठाचा, पांढरा. आचारी जाजरकोटचा, डोंगरातला, त्याच्यात लाल. म्हणून लाल टिक्याच्या माणसाच्या कपाळावर पांढरा टीका. दुधाचे दोन पेले घेऊन खाली गेलो आणि दीड तास तिथेच बसलो. (अंताक्षरीतून सुटका झाली हा वेगळा फायदा.)

वॉचमन मला नऊ-दहा वर्षं काका म्हणतो. २०१६ साली तो एक कागद घेऊन घरी आला होता. नेपाळमध्ये सरकार आणि माओवादी यांच्यातल्या जुन्या युद्धातल्या तक्रारी गोळा करणं सुरू झालं होतं, गुलरियाला शांती समितीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता आणि त्याला तारखांचा मेळ घालून हवा होता. मी विचारलं, भावाला कधी नेलं? तो म्हणाला, "अठ्ठावन सालच्या चैतात." मी कागदावर १९५८ लिहून मोकळा. मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला की हा विक्रम संवत बोलतोय. २०५८ चा चैत म्हणजे आपला २००२ चा मार्च-एप्रिल.

रात्री फौजेची गाडी आली. भाऊ बावीस वर्षांचा, शेती करणारा. "विचारपूस करून सकाळी सोडतो" म्हणाले. सकाळी आई तांदूळ बांधून बॅरेकवर गेली, तर पहाऱ्यावरचा म्हणाला, असा कुणी आणलेलाच नाही. ती पावसाळा लागेपर्यंत जात होती. दर वेळी तेच उत्तर.

आचाऱ्याची गोष्ट उलट्या बाजूची. वडील शाळामास्तर. माओवादी दर महिन्याला पगारातून चंदा घ्यायचे. एक वर्ष दिला, मग घरात आजारपण निघालं आणि दिला नाही. शाळेच्या ओसरीवर नेऊन दगडाने दोन्ही पाय मोडले. मुलांना रांगेत उभं करून बघायला लावलं, त्या रांगेत हाही होता. कुटुंब खाली नेपाळगंजला आलं आणि हा चौदाव्या वर्षी पुण्याला.

मी अगदी पुणेरी चौकसपणाने विचारलं, की तुम्हा दोघांचं कधी यावरून वाजत नाही? एकाला फौजेने उजाड केलं, दुसऱ्याला माओवाद्यांनी. आचारी म्हणाला, "काका, त्यातले आमचे कोणीच नव्हते. आमच्या घरी फक्त दोघंही जेवून गेले."

धागा काढतोय तो एका शब्दासाठी. त्या २०१६ च्या अर्जावर छापलं होतं "बेपत्ता पारिएका". आपण मराठीत म्हणतो, अमुक बेपत्ता झाला. म्हणजे जणू तो स्वतःच कुठेतरी गेला, जत्रेत चुकला. नेपाळीत "पारिएको" म्हणजे केला गेलेला. तिथल्या आयोगाचं नावच "बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग" असं आहे. क्रियापद बदललं की कर्ता शोधावा लागतो, आणि यादवी युद्धात कर्ता एकच नसतो.

माझा प्रश्न असा. युद्ध थांबेल तेव्हा हे सगळं थांबेल, असं आपण धरून चालतो. युद्ध चालू असतानाच, दोन्ही बाजूंना, हे थांबवायला लावता येतं का? मला वाटतं येतं, आणि नेपाळमध्ये थोडंफार आलंही होतं. जाणकारांनी लिहावं.

रिकामटेकडा

+१. वाचतोय. तो अंताक्षरीचा भाग फार ओळखीचा.

कायद्याची_गाठ, बुधवार रात्री ११:१५

धागा आवडला, विशेषतः क्रियापदाचं. वकिली करते, म्हणून कायद्याचा पाया तेवढा घालून देते.

१९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम एकसारखं आहे. ते खास देशांतर्गत युद्धांसाठी लिहिलंय. ज्याच्या हातात शस्त्र नाही, किंवा ज्याने ते खाली ठेवलंय, जो जखमी आहे, जो पकडला गेलाय, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस ठेवायचं नाही, त्याची विटंबना करायची नाही आणि रीतसर न्यायालयाशिवाय त्याला शिक्षा द्यायची नाही. हे "प्रत्येक पक्षावर" बंधनकारक आहे. बंडखोरांनी सही केलेली नाही ही सबब चालत नाही. समोरचा पाळत नाही म्हणून मी पाळणार नाही, हीसुद्धा चालत नाही. आचाऱ्याच्या वडिलांना ओसरीवर जी शिक्षा झाली ती माओवाद्यांच्या "जनअदालत"वाल्या, म्हणजे स्वतःच न्यायालय भरवायच्या, खाक्यातली. शेवटची बंदी नेमकी त्यासाठीच आहे.

सरकारं नेहमी एक आक्षेप घेतात, की बंडखोरांशी मानवी हक्कांवर बोललो तर त्यांना मान्यता दिल्यासारखं होईल. कलमाच्या शेवटी त्याचंही उत्तर आहे. हे नियम लागू केल्याने कुठल्याही पक्षाचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. १९४९ साली ज्यांनी हे वाक्य घातलं त्यांना सरकारं चांगलीच ठाऊक असणार.

आता धागाकर्त्यांचा प्रश्न. युद्ध चालू असताना जमतं का? मध्य अमेरिकेतलं एल साल्वादोर बघा. तिथे सरकार आणि एफएमएलएन गनिमांनी जुलै १९९० मध्ये सान होसेला मानवी हक्कांचा करार केला. युद्धबंदी नव्हतीच, लढाई जोरात होती. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक जुलै १९९१ मध्ये देशात उतरले, युद्धबंदी झाली ती फेब्रुवारी १९९२ मध्ये. म्हणजे सहा-सात महिने गोळीबार चालू असताना परके लोक वह्या घेऊन दोन्हीकडे हिंडत होते. "आधी शांतता, मग हक्क" हा क्रम तिथे उलटा लावला आणि शांततेला त्याची मदतच झाली.

तिरकस, गुरुवार सकाळी ७:४०

सकाळी सकाळी एवढं गंभीर वाचून चहा गार झाला. तरी विचारतोच.

ही "सगळ्या बाजू" भानगड मला कधीच पटत नाही. सगळेच वाईट म्हटलं की कुणालाच काही म्हणायला नको. एकाकडे हेलिकॉप्टर, बॅरेक, कोर्ट, पोलीस. दुसऱ्याकडे जंगल. दोघांना एका तराजूत घालायचं म्हणजे पेठेतल्या वाड्याच्या वादात मालक आणि भाडेकरू दोघांनाही "समजुतीने घ्या" सांगण्यासारखं आहे. (आमच्या वाड्यात हे सांगणारा नेहमी मालकाचा मेहुणा असायचा.)

दुसरं म्हणजे वह्या घेऊन हिंडणाऱ्यांनी काय होतं? युद्ध ते युद्ध.

तळजाई_चढ, गुरुवार सकाळी ९:०५

तिरकसराव, चहा पुन्हा ठेवा. पहिल्या मुद्द्याला आकडेच उत्तर देतात.

बर्दियात दोनशेहून जास्त माणसं बेपत्ता केली गेली, नेपाळमधल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर २००८ मध्ये त्यावर अहवाल काढला. त्यांनी १७० प्रकरणं तपासली. त्यातली १५६ सुरक्षा दलांची, १४ माओवाद्यांची. बहुतेक सगळे थारू. आता तुमच्या तराजूने तोला. "सगळ्या बाजूंचं मोजू" म्हणणाऱ्यांनीच तर सांगितलं की पारडं कुठे झुकलंय. एल साल्वादोरच्या सत्यशोधन आयोगाचंही तसंच. बावीस हजारांच्या आसपास तक्रारी आल्या, त्यातल्या सुमारे ८५ टक्क्यांत बोट सरकारी दलांकडे आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांकडे, सुमारे ५ टक्क्यांत गनिमांकडे.

पण ते १४ वगळले असते तर काय झालं असतं? १५६ जणांचा अहवाल सरकारने "हा माओवाद्यांचा प्रचार" म्हणून फेकून दिला असता. आणि त्या १४ घरांतल्या आयांनी कुठे जायचं?

वह्यांनी काय होतं, ते संध्याकाळी लिहितो. बँकेत जायचंय, आणि तिथली रांग हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

घोरपडी_गेट, गुरुवार दुपारी १:३०

फौजेत सव्वीस वर्षं काढली. काश्मीर, ईशान्य आणि एकदा शांतिसेनेची निळी टोपी घालून काँगो. तिरकस यांच्या "युद्ध ते युद्ध"वर बोललं पाहिजे.

चकमकीत काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही आणि तिथे चुका होतात. पण या धाग्यात चकमकीचं एकही उदाहरण नाही. घरातून झोपेतून उठवलेला पोरगा आणि ओसरीवरचा मास्तर. दोघांपैकी कुणाच्या हातात काही होतं? माणूस आपल्या ताब्यात आल्यावर जे होतं त्याला लढाई म्हणायचं नसतं. तिथे गडबड झाली तर ती कुणीतरी होऊ दिलेली असते.

अटकाव कसा करतात हे कागदोपत्री सोपं आहे. पकडलेल्याची नोंद पहिली. नाव, वेळ, जागा, कुणी पकडला, कुणाकडे दिला, देताना अंगावर जखम होती का. घेणाऱ्याची सही. आपल्याकडे घटनेच्या कलम २२ प्रमाणे चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. ही साखळी तुटली नाही तर माणूस हरवत नाही, कारण शेवटची सही ज्याची, त्याची मान अडकलेली असते. धागाकर्त्यांच्या वॉचमनच्या आईला पहाऱ्यावरचा "आणलेलाच नाही" म्हणू शकला, कारण त्याच्या रजिस्टरमध्ये खरंच काही नव्हतं. तो शिपाई कदाचित खोटंही बोलत नसेल. रजिस्टर कोरं ठेवायचा हुकूम वरून आलेला असतो.

काँगोत असताना नेपाळी पलटणीबरोबर राहिलो आहे. शिस्तीची, चांगली माणसं. म्हणून मला याचा त्रास जास्त होतो.

कायद्याची_गाठ

घोरपडी साहेब, कोऱ्या रजिस्टरवरून आठवलं. नोव्हेंबर २००१ मध्ये माओवाद्यांनी बोलणी मोडून दाङच्या बॅरेकवर हल्ला केला, त्यानंतर नेपाळमध्ये आणीबाणी आली आणि दहशतवादविरोधी अध्यादेशाने माणसाला कोर्टापुढे न आणता नव्वद दिवस ठेवायची सोय केली. हेबियस कॉर्पस, म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा हा अर्ज, त्याला तिथे "बंदी प्रत्यक्षीकरण" म्हणतात. घरच्यांनी असे अर्ज केले की फौज लेखी उत्तर द्यायची, असा इसम आमच्या ताब्यात नाही. काठमांडूतल्या महाराजगंजच्या भैरवनाथ बटालियनच्या आवारात २००३ साली शेकडो लोक डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवले होते. त्यातल्या ४९ जणांचा मागमूस लागत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने मे २००६ मध्ये नोंदवलं. राजधानीत, भरवस्तीत.

वैनगंगा_पल्याड, गुरुवार दुपारी ४:२०

मी गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातली. सध्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षेचं तिसरं वर्ष. खरं तर या विषयावर लिहायचं नव्हतं, पण "दोघंही जेवून गेले" वाचलं आणि पुस्तक मिटलं.

आमच्याकडे कुणी त्याला यादवी युद्ध म्हणत नाही आणि मलाही शब्दावर वाद घालायचा नाही. लहान असताना रात्री जंगलातले यायचे, भात मागायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. दोन दिवसांनी पोलीस यायचे, कोण जेवलं, किती होते, भांडी कुणी घासली. एका गावात एका माणसाला रात्री उठवून नेलं आणि सकाळी रस्त्यावर प्रेत, शेजारी पत्रक, हा खबऱ्या होता म्हणून. तो खबऱ्या होता की नव्हता हे आजही गावात कुणाला माहीत नाही. त्याची बायको माझ्या आईबरोबर तेंदूपत्त्याला जायची. शेजारच्याच गावातल्या एका पोराला उलट बाजूने उचललं होतं. तो परत आला, पण डाव्या कानाने ऐकू येत नाही.

इथे रूमवर मुली वाद घालतात, तू कुणाच्या बाजूची? मी त्या वेळी खाली मेसमध्ये जाऊन बसते.

बाकरवडी_बंद_१_ते_४

वैनगंगाताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

खरा_देशभक्त_४७

[प्रतिसाद संपादित]

संपादक

वरचा प्रतिसाद व्यक्तिगत शेरेबाजीमुळे काढला आहे. वैनगंगा_पल्याड यांनी स्वतःचा अनुभव लिहिला आहे, त्यांना बाजू विचारू नये. गडचिरोलीवर सविस्तर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा.

तळजाई_चढ, गुरुवार रात्री ८:४५

सकाळी अर्धवट सोडलेलं पुरं करतो.

फेब्रुवारी २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्रने सगळी सत्ता हातात घेतली. जगभरातून दबाव आला आणि एप्रिलमध्ये नेपाळने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाला देशात यायला परवानगी दिली. इयन मार्टिन त्याचे प्रमुख. युद्ध चालूच होतं. या लोकांना बॅरेकमध्ये आगाऊ न कळवता जाता यायचं आणि ते माओवाद्यांच्या इलाख्यातही जायचे. २००३ आणि २००४ मध्ये बेपत्ता केल्याच्या सर्वाधिक नव्या तक्रारी संयुक्त राष्ट्रांकडे नेपाळमधून आल्या होत्या. निरीक्षक आल्यावर हे प्रमाण झपाट्याने घसरलं. शून्य झालं असं मी म्हणत नाही.

फौजेने त्यांना आत का येऊ दिलं, यात खरी गोम आहे. नेपाळी फौज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मोठ्या संख्येने जाते. सैनिकाला त्यातून घर बांधण्याइतका पैसा मिळतो, फौजेला जगात मान मिळतो. तो दरवाजा बंद होईल ही भीती होती. २००९ मध्ये तर चाडमधल्या शांतिसेनेतून एका मेजरला माघारी पाठवलं गेलं. काभ्रे जिल्ह्यातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचा २००४ मध्ये बॅरेकमध्ये छळ होऊन मृत्यू झाला होता, त्या खटल्यात त्याचं नाव होतं.

माओवाद्यांची दुखरी नस वेगळी. त्यांना पुढे निवडणुका लढवायच्या होत्या, लोकांत तोंड दाखवायचं होतं. जून २००५ मध्ये चितवन जिल्ह्यातल्या माडी भागात त्यांनी प्रवाशांनी भरलेली बस सुरुंगाने उडवली, चाळीसच्या आसपास माणसं मेली. बसमध्ये काही सैनिक होते म्हणे. बाकी बाजाराला निघालेले लोक. त्यानंतर त्यांचा नेता प्रचंड याने जाहीर चूक कबूल केली. दोषींवर नावापुरती कारवाई झाली, ते सोडा, पण कबुली द्यावी लागली.

म्हणजे तिरकसराव, नुसत्या वहीने काही होत नाही हे मान्य. वही कुणाच्या हातात पडणार आणि त्याने आपलं काय अडणार, हे समोरच्याला दिसलं पाहिजे. प्रत्येक बाजूचं अडतं कुठे हे वेगवेगळं असतं, ते आधी शोधावं लागतं.

कोंढवा_खुर्द, गुरुवार रात्री ११:५०

आमच्या वरच्या मजल्यावर सुदानी विद्यार्थी राहतात. पुण्यात पूर्वीपासून खूप येतात, आता राहिलेले बरेचसे अडकून पडलेत. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्याकडे फौज आणि आरएसएफ ही निमलष्करी सेना यांच्यात जुंपली. मे महिन्यात जेद्दाला दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, की नागरिकांना हात लावणार नाही, इस्पितळं सोडू, मदत जाऊ देऊ. कायद्याची_गाठ ताईंनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. वर राहणारा एक मुलगा सह्या झाल्या म्हणून पेढे घेऊन आला होता. त्या कागदात पाहणारं, तपासणारं कुणीच नेमलं नव्हतं. सह्यांची शाई वाळायच्या आत पुन्हा सुरू. त्याच वर्षी दारफुरमधल्या अल-जिनेनात मसालित जमातीच्या लोकांची कत्तल झाली, फौजेची विमानं बाजारांवर बॉम्ब टाकत राहिली, आणि अल-फाशर शहर २०२४ पासून वर्षाहून जास्त काळ आरएसएफच्या वेढ्यात राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आधी आरएसएफचा प्रमुख हेमेदती याच्यावर आणि नऊ दिवसांनी फौजेचा प्रमुख बुरहान याच्यावर निर्बंध घातले. दोघांवरही. पण दोघांना शस्त्रं पुरवणारे देश मोकळेच.

तो मुलगा आता खाली आला की हात वर करून सलाम करतो आणि निघून जातो. पूर्वी गप्पा मारायचा.

तिरकस, शुक्रवार सकाळी ८:१०

बरं, नमतं घेतो, अर्धं. पण मग पुढचं सांगा. युद्ध संपलं, करार झाला. ज्यांनी हे केलं तेच आता मंत्री आणि जनरल. ते स्वतःला तुरुंगात कशाला टाकतील? आणि टाकायचं म्हटलं तर ते करारावर सही कशाला करतील?

कायद्याची_गाठ, शुक्रवार दुपारी २:००

इथेच सगळ्या बाजूंचं एकमत होतं. दहा-बारा वर्षं एकमेकांचे गळे कापणारे माफीच्या कायद्यावर कसे शेजारी शेजारी बसतात ते बघण्यासारखं असतं. एल साल्वादोरमध्ये सत्यशोधन अहवाल आला १५ मार्च १९९३ ला, सरसकट माफीचा कायदा २० मार्चला. पाच दिवस! तो तिथल्या न्यायालयाने रद्द केला २०१६ मध्ये.

नेपाळमध्येही तेच. नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात लिहिलं होतं, बेपत्ता लोकांची माहिती ६० दिवसांत जाहीर करू. आयोग नेमले २०१५ मध्ये. साठ दिवसांची झाली आठ वर्षं. कायद्यात माफीची पळवाट होती, ती फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुजवली. सत्य आयोगाकडे साठ हजारांवर तक्रारी आल्या, बेपत्ता आयोगाकडे तीन हजारांवर. निकाल एकाही प्रकरणाचा नाही. काभ्रेच्या त्या मुलीच्या खटल्यात फौजेच्या कोर्टाने तिघा अधिकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली होती, तीही भोगून झाली असं धरलं. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिघांना जन्मठेप सुनावली, त्यांच्या गैरहजेरीत. दुसऱ्या बाजूचंही ऐका. खुनात जन्मठेप झालेला एक माओवादी नेता सात वर्षं उजळ माथ्याने फिरला, २०१७ मध्ये आत गेला आणि २०१८ च्या तिथल्या प्रजासत्ताक दिनाला राष्ट्रपतींनी त्याला सोडलं. चितवनमध्ये झालेल्या मुलाच्या खुनाचा तपास माओवाद्यांविरुद्ध करा म्हणून उपोषणाला बसलेले वडील सप्टेंबर २०१४ मध्ये उपोषणातच गेले, तीनशेहून जास्त दिवसांनी.

ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा सुधारला. बलात्कार, बेपत्ता करणं, ठरवून किंवा मनमानीने मारणं, क्रूर छळ यांना माफी नाही, हे त्यात आलं. पण शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची सोयही आली. माझं मत विचाराल तर शिक्षा कमी झालेली मला एकवेळ चालेल. खरं सांगितलं, हाडं कुठे पुरलीत ते दाखवलं, तर सूट द्या. काहीच न सांगता सूट नको. पण हे ठरवायचा हक्क माझा नाही, वॉचमनच्या आईचा आहे.

मुळामुठा

अवांतर. धागाकर्त्यांनी "वॉचमन" लिहिलं हे बरं. आमच्या सोसायटीत अजून सगळे सरसकट "बहादूर" हाक मारतात. तीन बदलले, नाव तेच. मी समितीच्या बैठकीत बोललो तर म्हणाले, पार्किंगचं आधी बघू.

घोरपडी_गेट

मुळामुठा, अवांतर नाही. नाव रजिस्टरमध्ये लिहिण्यापासूनच सुरुवात होते.

बाकरवडी_बंद_१_ते_४, शनिवार

धागाकर्ते, वॉचमनच्या भावाच्या घरी कोण कोण आहे? राहवलं नाही म्हणून विचारते, खाजगी वाटलं तर सांगू नका.

तळजाई_चढ, शनिवार रात्री १०:२०

त्याला विचारून लिहितोय. हा धागा त्याला वाचून दाखवला. वैनगंगाताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

भावजय आहे, एक मुलगी. नवऱ्याला नेलं तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. भावजय अजून सिंदूर लावते, लाल पोत घालते. गावातल्या बायका तोंडावर काही म्हणत नाहीत. सरकारने मदत म्हणून टप्प्याटप्प्याने एकूण दहा लाख नेपाळी रुपये दिले. पहिला हप्ता घ्यायला ती गेलीच नाही. घेतला तर मेला असं मान्य केल्यासारखं होईल, म्हणाली. मुलीची फी भरायची वेळ आली तेव्हा गेली.

सासूने एकदा भटजींना विचारलं होतं. माणूस सापडत नसेल तर कुशाचा पुतळा करून दहन करतात. (आपल्याकडेही दर्भाच्या प्रतिमेचा तो विधी आहे, माझ्या आजोळी एकदा बघितलाय.) कुश आणला, पुतळा करायला बसले आणि सासूच उठली. तो कुश बरीच वर्षं गोठ्याच्या आढ्याला खोचलेला होता. आता सासूही नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत जाळपोळ झाली, सिंहदरबार (तिथलं मंत्रालय) जळला, सर्वोच्च न्यायालयाची इमारत जळली. त्या रात्री हा ड्यूटीवर मोबाइल घेऊन बसला होता. मला बघून पाकीट काढलं. त्यात २०१६ च्या अर्जाची पोच, तिकडे निस्सा म्हणतात, लॅमिनेट करून ठेवलेली. घडीवर अक्षरं पुसट झालीत, क्रमांक वाचता येतो. विचारत होता, "काका, माझा कागद कोर्टात नव्हता ना? आयोगातच असेल ना?" मी म्हटलं, आयोगात. मेमध्ये तिथे नवे सदस्य नेमलेत, त्यांच्याकडे. तो म्हणाला, मग ठीक.

उद्या त्या निस्साचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून माझ्या संगणकावर ठेवायचे ठरलेत. आचारीही येतोय, त्याच्या वडिलांच्या अर्जाची पोच घेऊन. दोघांना दुपारी जेवायला बोलावलंय. वॉचमन रविवारी तिखट खात नाही आणि आचाऱ्याला आमचं आमटी-भात "चायनीजपेक्षा गोड" वाटतं, त्यामुळे बेत काय करावा यावर घरात चर्चा चालू आहे.

रिकामटेकडा

पिठलं-भाकरी करा. आणि फोटोची एक प्रत दुसरीकडेही ठेवा, संगणक बंद पडतात.